सत्तावीस लिनक्स, एकतीस बीएसडी

एम. पी. नगरातल्या एका कोचिंग क्लासने आपले जुने कॉम्प्युटर काढून टाकले, तेव्हा त्यातले दोन आमच्या वाचनालयाला मिळाले. एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, एकाच काळ्या रंगाचे. क्लासमध्ये मुलांना जागा सापडावी म्हणून प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीत नंबर लिहिलेला होता. आमच्या वाट्याला सत्तावीस आणि एकतीस आले. पट्टी काही केल्या निघेना, म्हणून तीच त्यांची नावं झाली.

वाचनालय म्हणजे तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरांपासून चालत दहा मिनिटांवर, मराठी मंडळाच्या इमारतीतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, वर्तमानपत्रं आणि काकू. मागच्या खोलीत कपाटं. काकू सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून वाचनालय सांभाळतात. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचा जन्म भोपाळचा, त्यामुळे पुस्तक हरवलं की त्या मराठीत हळहळतात आणि सभासदाला हिंदीत रागावतात.

आधीचा कॉम्प्युटर विकतच्या सिस्टीमवर चालायचा. कंपनीने त्या सिस्टीमचे अपडेट बंद केले आणि पुढची आवृत्ती त्या मशीनवर चढेना. आलेली दोन मशीन्सही तेवढीच जुनी, म्हणजे त्यांचीही तीच गत होणार. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही दोघं ह्याच कामातले. फुकट मिळणारं काहीतरी घाला त्यात आणि चालू करून द्या."

दोघं म्हणजे मी आणि भाऊ. मी एका सरकारी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात तीस वर्षं काढली. वडील पुण्याहून त्याच कारखान्यात नोकरीला आले होते. मी रुजू झाले तेव्हा थंड केलेल्या खोलीत एक मोठं युनिक्स मशीन होतं आणि हिरव्या अक्षरांचे पडदे. पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, "इथे काहीही शिका, फक्त ते बंद करू नका." भाऊ नागपूरकडचे. राज्य सरकारच्या एका खात्याच्या संगणक केंद्रात होते. आता मुलीला मिळालेल्या क्वार्टरमध्ये तुलसी नगरात राहतात. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, पण मला ताई म्हणतात आणि मी त्यांना भाऊ म्हणते. मी मशीनला 'ते' म्हणते, भाऊ 'ती' म्हणतात. आमच्या मतभेदाची सुरुवात तिथूनच होते.

मला लिनक्स घालायचं होतं. भाऊंना बीएसडी. दोन्ही फुकट, दोन्ही त्या जुन्या युनिक्सच्या वळणावर घडलेली. लिनक्स बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. बीएसडीचं नाव काढलं की लोक औषधाचं नाव आहे का असं विचारतात.

"ताई, लिनक्स म्हणजे गाभा एकाचा, बाकी सामान दहा ठिकाणचं," भाऊ म्हणाले. "बीएसडीत सगळा संसार एका हाताचा आहे. म्हणून टिकते."

"टिकतं, पण त्यावर प्रिंटर चालतो का?" मी विचारलं.

"चालवू ना."

"चालवू आणि चालतो ह्यात फरक आहे, भाऊ."

काकू पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "दोन मशीन आहेत, दोन माणसं आहेत. एक एक वाटून घ्या. वर्षभर चालवा. कोणतं किती वेळा बंद पडतं आणि कोणतं माझं काम करतं, मी लिहून ठेवीन." मग त्यांनी शाळेच्या जमान्यातली एक हजेरीवही काढली आणि पहिल्या पानावर दोन रकाने आखले.

अशी आमची स्पर्धा जानेवारीत सुरू झाली. सत्तावीस माझं, एकतीस भाऊंचं.

माझं मशीन दुपारच्या जेवणाआधी तयार झालं. वायफाय आपणहून जोडलं गेलं, पडदा नीट दिसला, मराठी कीबोर्ड यादीतून निवडला आणि लगेच काकूंचं नाव टाइप करून दाखवलं. प्रिंटरची वायर लावताच त्याने प्रिंटरलाही ओळखलं. मी शक्य तेवढा साधा चेहरा ठेवला.

भाऊंना तीन दिवस लागले. एकतीसमधली वायफायची चिप बीएसडीला ओळखताच येईना. शेवटी त्यांनी मागच्या खोलीपासून राउटरपर्यंत छतालगत वायर ओढली. स्टुलावर चढून खिळे ठोकत होते आणि मी खालून स्टूल धरलं होतं.

"वायफायचं काय घेऊन बसलात," ते वरून म्हणाले. "वायर कधी धोका देत नाही."

प्रिंटरने मात्र त्यांचा अंत पाहिला. आमचा प्रिंटर असा की त्याला चालवणारा तुकडा, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीने लिनक्ससाठी दिला होता, बीएसडीसाठी नाही. त्याचा मूळ कोडही उघड नव्हता, नाहीतर भाऊंनी तो स्वतः बसवून घेतला असता. ते रोज अकरा वाजता यायचे, डबा मागच्या खोलीत ठेवायचे आणि बसायचे. काकूंना त्यांची दया यायला लागली. त्या म्हणाल्या, "भाऊ, प्रिंट सत्तावीसवरून काढू. तुम्ही यादी सांभाळा."

"नाही काकू. तुम्ही वहीत लिहाल, एकतीस छापत नाही."

"ते तर मी लिहिलंय."

तीन आठवड्यांनी एका दुपारी मागच्या खोलीतून हाक आली, "ताई, जरा इकडे या." गेले तर प्रिंटरमधून कागद बाहेर येत होता. त्यावर कोऱ्या पानाच्या मधोमध एकच ओळ होती, एकतीस छापून राहिली आहे. भाऊंनी काय केलं होतं, तर बीएसडीत लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची एक सोय असते. मशीन त्या प्रोग्रॅमला भासवतं की तू लिनक्सवरच आहेस. कंपनीचा लिनक्ससाठीचा तुकडा त्यांनी त्या सोयीतून चालवला होता.

"म्हणजे शेवटी लिनक्सच लागलं," मी म्हणाले.

"हौ. पण माझ्या घरी, माझ्या अटीवर," भाऊ म्हणाले. मला ते उत्तर आवडलं. मी घरी येऊन ती सोय कशी चालते ते वाचलं. असं काहीतरी नवीन मी कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं.

मार्चमध्ये माझी पाळी आली. मंडळाच्या वार्षिक सभेच्या दोन दिवस आधी मी सत्तावीसवर सगळे अपडेट चढवले. गरज नव्हती. नवीन आलं आहे म्हटल्यावर माझा हात राहत नाही, एवढंच. मशीन पुन्हा सुरू केलं तर पडदा काळा. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, दिसत काही नाही. नव्या गाभ्याचं, म्हणजे सिस्टीमच्या मुळाशी असणाऱ्या प्रोग्रॅमचं, आणि त्या जुन्या ग्राफिक्सचं जुळत नव्हतं. सभासदांची यादी छापायची होती, हजेरीचे कागद छापायचे होते. काकूंनी वही उघडली.

भाऊंनी यादी पेन ड्राइव्हवर मागितली नाही. ती त्यांच्याकडे होतीच, कारण रोज संध्याकाळी सत्तावीसची नक्कल एकतीसवर ठेवायची असं त्यांनी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. एकतीसवरून चाळीस पानं छापली गेली. भाऊ फक्त पानं मोजत होते. मला टोमणा चालला असता.

मशीन सुरू होताना आधीचा गाभा निवडायची सोय लिनक्समध्ये असते. मी तो निवडला आणि पडदा परत आला. एकूण अर्ध्या तासाचं काम. पण वहीत अर्धा तास लिहिलेला नव्हता. काकूंच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, सत्तावीस, सभेच्या कामाला उपयोगी पडले नाही.

त्याच सुमाराला जुन्या ग्रंथसूचीचं काम निघालं. ती कोणीतरी वीस वर्षांपूर्वी एका जुन्या फाँटमध्ये टाइप केली होती. तो फाँट नसला की सगळी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. काकूंकडे एक छापील प्रत होती, तिच्यावरून कोणत्या चिन्हाचं कोणतं मराठी अक्षर ते मी शोधून काढलं आणि सगळं आजच्या युनिकोड अक्षरांत आणणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. सत्तावीसवर ती धडाधड चालली. चार हजारांवर पुस्तकं वाचता येऊ लागली. वेलांट्या मात्र काही ठिकाणी चुकीच्या अक्षरावर बसल्या. एका कादंबरीचं नाव वाचून काकू इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि स्क्रिप्ट भाऊंना दिली.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाले, "ताई, तुमची स्क्रिप्ट माझ्याकडे दुसऱ्याच ओळीत थांबली."

"माझ्याकडे तर चालते."

"तेच तर. तुमच्याकडचं सेड वेगळं, माझ्याकडचं वेगळं."

सेड ही मजकुरात बदल करणारी एक जुनी, छोटी आज्ञा. दोन्हीकडे तेच नाव, तेच काम. पण फाइल जागच्या जागी बदलायची असेल तर लिनक्समध्ये ती एका पद्धतीने सांगावी लागते आणि बीएसडीत थोड्या वेगळ्या. मी हे कधीकाळी वाचलं होतं आणि विसरले होते, कारण मला कधी गरज पडली नव्हती. भाऊंनी माझ्या स्क्रिप्टची छापील प्रत समोर ठेवली. जिथे जिथे मी लिनक्सची खास सोय वापरली होती तिथे पेन्सिलीने गोल केला होता. सतरा गोल होते.

"हे सगळं जुन्या साध्या रीतीने लिहिलं तर दोन्हीकडे चालेल," ते म्हणाले. "आणि उद्या तिसरी मशीन आली, तिच्यावर पण."

मला राग आला होता. तीस वर्षं हेच काम केल्यावर पेन्सिलीचे गोल कोणाला आवडतील? मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दोन दिवस वाचनालयात गेले नाही. तिसऱ्या दिवशी घरी जेवणाच्या टेबलावर बसून सतराच्या सतरा ओळी पुन्हा लिहिल्या. नवी स्क्रिप्ट थोडी लांब झाली, पण दोन्ही मशीन्सवर एकही अक्षर न बदलता चालली. भाऊंनी ती चालताना पूर्ण वेळ उभं राहून पाहिली. मग डब्यातला मुगाच्या डाळीचा हलवा पुढे केला आणि म्हणाले, "मुलीने केलाय. तुमच्यासाठी वेगळा ठेवला होता, परवापासून आणून राह्यलोय." मी दोन दिवस आले नव्हते त्याबद्दल तेवढंच बोलणं झालं.

मे महिन्यात एका दुपारी जोराची आंधी आली. खिडक्या लावेपर्यंत वर्तमानपत्रं उडून कपाटांखाली गेली आणि लाइट गेली. आमच्या यूपीएसची बॅटरी मेलेली होती हे तेव्हा कळलं. त्या दुपारी लाइट चार वेळा आली आणि चार वेळा गेली, आणि लाइट येताच आपोआप सुरू होणारी दोन्ही मशीन्स दर वेळी आपटल्यासारखी बंद झाली. आम्ही दोघांनी वायरी काढण्यासाठी धाव घेतली तेव्हा उशीर झाला होता. संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर आम्ही दोन्ही मशीन्स सुरू केली. सत्तावीसने दोन मिनिटं आपली डिस्क तपासली आणि ते उठलं. एकतीस काही न तपासता उठलं. भाऊंनी त्याच्यावर जी फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, घातली होती, ती अर्धवट लिहिलेलं काही स्वीकारतच नाही. दोन्हीकडे सूची पूर्ण होती. काकूंनी वहीत दोघांपुढे 'पास' लिहिलं. आम्ही त्या आठवड्यात नवी बॅटरी बसवून घेतली. स्थिरतेच्या एवढ्या गप्पा मारणाऱ्या दोन माणसांनी ती आधी तपासली नव्हती, ह्याचा विषय कोणी काढला नाही.

जूनच्या शेवटी भाऊ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले. त्यांचा मोठा भाऊ तिथे आहे, शिवाय डॉक्टर ओळखीचे. दीड महिना लागणार होता. जायच्या आदल्या दिवशी ते काठी टेकत वाचनालयात आले आणि एकतीसची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला.

"फक्त बघा. छेडू नका," ते म्हणाले.

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे म्हणून तर देऊन राह्यलोय. अपडेटच्या बाबतीत नाही."

एकतीसवर बसले तर समोरच एक फाइल होती. तिचं नाव होतं, ताईंसाठी. आत भाऊंनी सगळं लिहून ठेवलं होतं. नक्कल कुठे होते, ती झाली की नाही हे कसं बघायचं, वायर सैल झाली तर कोणता खिळा बघायचा. लिनक्समध्ये जे असं करतात ते इथे तसं करायचं, अशी दोन्हीकडच्या आज्ञांची शेजारी शेजारी यादी होती. ही यादी करायची तर त्यांनी लिनक्स किती बारकाईने वाचलं असेल, हे मला ती वाचताना कळलं. बोलताना ते लिनक्सला 'तुमचं ते' म्हणायचे.

मी रोज एकतीसवर थोडा वेळ बसू लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. प्रत्येक आज्ञेची माहिती मशीनमध्येच, नीट लिहिलेली, उदाहरणांसह. कुठे काय असेल असं वाटावं, तिथेच ते असायचं. लिनक्सवर मला काही अडलं की मी फोनवर शोधते आणि चार लोकांनी चार वर्षांत दिलेली चार उत्तरं सापडतात. इथे शोधावं लागत नव्हतं.

भाऊंचा रोज सकाळी फोन यायचा. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी आला.

"एकतीस कशी आहे?"

"चालू आहे. गुडघा कसा आहे?"

"तो पण चालू होईल. नक्कल झाली का काल?"

अशातच एका सकाळी मी सहज एक आज्ञा दिली. मशीन आजवर केव्हा केव्हा नव्याने सुरू झालं त्याची तारीखवार यादी दाखवणारी ती आज्ञा. दोन्ही सिस्टीममध्ये असते. यादीत आंधीचे चार होते, बाकी ओळखीचे होते, आणि फेब्रुवारीतले दोन होते जे वहीत नव्हते. मी वही काढून पाहिली. फेब्रुवारीत एकतीसच्या रकान्यात काकूंनी रोज फक्त 'ठीक' लिहिलं होतं. म्हणजे एकतीस दोनदा अडकलं होतं आणि भाऊंनी काकू मागच्या खोलीत यायच्या आत ते गुपचूप पुन्हा सुरू केलं होतं.

मला खूप आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण मला लगेच माझा एक दिवस आठवला. सभेनंतरच्या आठवड्यात स्कॅनर जोडताना मी चुकीचा ड्रायव्हर घातला, सत्तावीस जागच्या जागी गोठलं आणि मी बटण दाबून धरून ते बंद केलं. काकू तेव्हा समोरच्या दुकानात झेरॉक्सला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत बसले होते.

ऑगस्टमध्ये भाऊ परत आले. मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले, कारण मुलीला ऑफिस होतं. स्टेशनचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, रिक्षावाल्याला मात्र मी अजून हबीबगंजच सांगते. भाऊ काठीशिवाय उतरले. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "भाऊ, फेब्रुवारीत एकतीस दोनदा बंद पडलं होतं."

ते बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "कॅमेरा जोडून पाहत होतो. दोन्ही वेळा माझीच चूक. वहीत आलं असतं तर काकूंना वाटलं असतं, मशीन खराब आहे."

"सांगायचं होतं."

"हौ, सांगायला पाहिजे होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, सत्तावीसची यादी मी एप्रिलमध्येच पाहिली होती. सभेनंतरचा गुरुवार."

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं, इतक्या जोरात आम्ही हसलो. भाऊंनी चार महिने ते मनात ठेवलं होतं आणि मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. आम्ही घरी न जाता आधी वाचनालयात गेलो आणि काकूंना दोघांचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा लावला आणि वहीत जुन्या तारखांपुढे लाल पेनने तिन्ही नोंदी केल्या. मग म्हणाल्या, "छत्तीस वर्षं वर्गात उभी होते मी. तुम्ही दोघं काहीतरी लपवताय हे मला माहीत होतं. काय, ते कळत नव्हतं."

ह्यानंतर स्पर्धा तशी संपलीच. मी सप्टेंबरात पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेले तेव्हा सत्तावीस भाऊंनी सांभाळलं. परत आले तर अपडेट वेळच्या वेळी केलेले होते, आणि प्रत्येक वेळी आधीचा गाभा जपून ठेवलेला होता. मी स्वतः एवढं केलं नसतं.

नोव्हेंबरात आम्हा दोघांचा मिळून एक पराभव झाला. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र कॉम्प्युटरला जोडून तो घरबसल्या देता येतो. मंडळाच्या एका सभासदाकडे ते यंत्र होतं. भाऊंनी जाहीर केलं की सगळ्या म्हाताऱ्यांनी वाचनालयात यावं, आम्ही दाखले काढून देऊ. यंत्र सत्तावीसला जोडलं. काही नाही. एकतीसला जोडलं. काही नाही. त्याचा प्रोग्रॅम फक्त विकतच्या सिस्टीमसाठी आणि फोनसाठी होता. एकतीसवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालतात, पण इथे चालवायला लिनक्सचाही नव्हता. तीन दिवस आम्ही एकमेकांच्या मशीनवर बसून प्रयत्न केले. बाहेर अकरा पेन्शनर चहा पीत बसले होते आणि त्यांतला एक दर तासाने विचारत होता, "आम्ही जिवंत आहोत का?"

तिसऱ्या दिवशी काकूंनी आपला फोन काढला, चेहरा समोर धरला, दोनदा डोळे मिटले आणि म्हणाल्या, "माझा झाला. पुढे कोण?" चेहऱ्यावरून दाखला देणारं ॲप त्यांना शेजारणीने दाखवलं होतं. दुपारपर्यंत अकराही जण जिवंत ठरले.

"त्या फोनच्या आत गाभा लिनक्सचाच आहे," भाऊ मला हळूच म्हणाले. त्यांनी ते स्वतःहून म्हणावं ह्याचं मला बरं वाटलं.

डिसेंबरात अध्यक्षांनी विचारलं की एक मशीन दुसऱ्या कोणाला द्यायचं आहे, तर कोणतं ठेवू. काकूंनी वही उघडली. वर्षभरातल्या छोट्या-मोठ्या सगळ्या नोंदी मोजल्यावर बंद पडण्यात एकतीस कमी होतं, लाल नोंदी धरूनसुद्धा. काम करण्यात सत्तावीस पुढे होतं, स्कॅनर, कॅमेरा, नवा सभासद आला की त्याच्या पेन ड्राइव्हवरचं काहीही उघडणं. काकू म्हणाल्या, "पुढच्या टेबलावर सत्तावीस. तिथे लोक येतात, रोज काहीतरी नवीन जोडतात. मागच्या खोलीत एकतीस. तिथे सूची आणि मासिकाचे स्कॅन केलेले जुने अंक राहतील. एकही जाणार नाही."

भाऊंना थोडं लागलं. एकतीस आता तरी पुढे येईल असं त्यांना वाटलं होतं, आणि मागची खोली म्हणजे कोणाला न दिसणारी. मग त्यांनी एकतीसचा पडदा काढून ठेवला, कीबोर्ड काढून ठेवला आणि मशीनचा नुसता काळा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर चढवला. आता त्याला फक्त दोन वायरी आहेत, लाइटची आणि नेटची. त्याच्याशी बोलायचं तर सत्तावीसवर बसूनच बोलावं लागतं. "आता कोणी छेडणार नाही तिला," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या आवाजात समाधान ऐकू आलं.

सध्या आम्ही मंडळाचं जुनं हस्तलिखित मासिक स्कॅन करतो आहोत. मी पानं ठेवते, भाऊ नावं देतात, सत्तावीस वाचतं आणि एकतीस साठवतं. मधल्या वेळात चहा होतो. गेल्या आठवड्यात काकू माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते काळ्या पडद्यावर लिहून शोधता ना तुम्ही, ते मला शिकव."

"काकू, माउसने पण होतं."

"माउसने माझा हात थरथरतो. अक्षरं मला येतात."

मी त्यांना सूचीत शब्द शोधायची आज्ञा कागदावर लिहून दिली. भाऊंनी ती वाचली आणि मान डोलावली, म्हणजे ती दोन्हीकडे चालणारी होती. काकूंनी एकेक अक्षर बघून टाइप केलं, शेवटी 'पाककृती' लिहिलं आणि मोठं बटण दाबलं. क्षणात एकोणीस ओळी आल्या. काकूंनी चष्मा वर केला, पडद्याजवळ गेल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ते पुस्तक त्यांना आठवत होतं आणि कपाटात नव्हतं.

"कोणाकडे आहे बघू," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून पुढची आज्ञा विचारू लागल्या.